शाल आणि फुल पँट

‘हे झालं की मी मोकळा, सर.’ असे म्हणून काका गळ्यातली मापाची टेप काढत आणि दोन बोटांभोवती तिची गुंडाळी करू लागत. गुंडाळी पुरी होण्याआधीच एखादे मूल तुटलेल्या बंदाचे दप्तर घेऊन समोर उभे राही. मग टेप पुन्हा गळ्यात. निघतो निघतो म्हणत दाराशी चप्पल घालून तासभर उभी राहणारी माणसे आपणही पाहिली असतील. आमचे काका तसे काही वर्षे उभे होते.

उल्हासनगरात त्यांचा जीन्स शिवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर राहते घर. ते सिंधी, मी शिकवतो ती शाळा मराठी माध्यमाची. त्यांची स्वतःची मुलगी इथे कधी शिकली नव्हती. त्यांच्या एका कारागिराला पालकसभेला येता येईना, म्हणून त्याच्या जागी ते आले. सभेत त्यांचे लक्ष मुख्याध्यापिकांच्या बोलण्याकडे नव्हते, पुढे बसलेल्या मुलांच्या सदऱ्यांकडे होते. ‘बटण लावायला किती वेळ लागतो?’ जाताना ते एवढेच म्हणाले. पुढच्या शनिवारी टेम्पोतून एक शिलाई मशीन आले आणि आमच्या व्हरांड्यात बसले. मशीनमागे काकाही.

तेव्हापासून त्यांचा शनिवार आमचा झाला. ते उसवलेले शिवत, दप्तरांना चेन बसवत. ज्यांना गणवेश घेणे जमत नसे, त्यांचे गणवेश जूनमध्ये स्वखर्चाने शिवून देत. स्वच्छतागृहाची दारे आणि गळके पत्रेही त्यांनीच बदलून दिले. माप घेताना मुलांना चिडवणे हा त्यांचा खास आनंद.

‘काय रे, मागच्या साली एवढासा होतास. खातोस काय? खडू?’

‘वडापाव, काका.’

‘मग मला पण आण. मी कधीपासून तेवढाच आहे.’

अडचण घरची होती. काकींना दम्याचा त्रास, आणि कारखान्यातल्या कापडाचे तंतू जिन्यावरून घरात येत. जागा बदला, असे डॉक्टरांनी सांगितले होते. इंदूरच्या मुलीने आईवडिलांसाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. काका दर वर्षी जायचे ठरवत आणि प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात सर्वांसमोर निरोप घेऊ म्हणून येत. घोळ तिथेच होई. आमच्या शाळेत पाहुण्याचा सत्कार आधी होतो, त्याला बोलायला नंतर मिळते. खांद्यावर शाल आणि हातात नारळ आल्यावर ‘मी चाललो’ असे म्हणायला फार निबर माणूस लागतो. काका ‘बघू, बघू’ म्हणत आणि नारळ घेऊन घरी जात.

एकदा काकी स्वतः शाळेत आल्या. पायऱ्या चढून त्या खांबाला धरून थांबल्या. श्वास जमल्यावर म्हणाल्या, ‘सर, त्यांना शाल नका घालू. शाल घातली की आणखी एक वर्ष थांबतात.’

‘काकी, त्यांनी नाही म्हटलं तर आम्ही कशाला अडवू?’

‘वो ना बोलेंगे? शादी के बाद से मैंने उनका ना नहीं सुना. इसीलिए तो यहाँ बैठी हूँ.’ त्या हसल्या. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मी मुख्याध्यापिकांना सांगितले. बाई मनापासून अस्वस्थ झाल्या. विचार करून म्हणाल्या, ‘अहो, मग या वेळी निरोपाचाच सत्कार करू. जरा चांगली शाल आणते.’

त्या वर्षी काकीही कार्यक्रमाला आल्या होत्या. बाईंनी शाल घातली, ‘काका आता...’ एवढे म्हणाल्या, आणि मुलांकडे पाहून ‘काका आपलेच आहेत’ असे म्हणून खाली बसल्या. ध्वनिक्षेपक काकांच्या हाती आला. पुढे मुले हाफ पँटमध्ये मांडी घालून बसली होती. त्यांच्या खरचटलेल्या गुडघ्यांकडे काका पाहत राहिले. मग म्हणाले, ‘येत्या जूनमध्ये हाफ पँट बंद. मुलगे, मुली, सगळ्यांना फुल पँट.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकीही टाळ्या वाजवत होत्या, सर्वांपेक्षा सावकाश.

काका खाली उतरले. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, ‘हे झालं की मी मोकळा, सर.’

जूनमध्ये टेम्पो आला. गठ्ठे उतरले, काका उतरले नाहीत. ‘शेठ इंदूरला गेले,’ चालक म्हणाला. ‘बोलले, सांगायला आलो तर परत शाल घालतील. मशीन इथंच राहू द्या.’

पँटी बरोबर मापाच्या होत्या, पण हाताला जड लागत होत्या. मी एकीची खालची पट्टी उलटून पाहिली. आत कापडाच्या घड्यांवर घड्या दुमडल्या होत्या आणि प्रत्येक घडी कच्च्या टाक्याने वेगळी धरली होती. मूल वाढले की एक टाका उसवायचा. मुलांचे पुढचे जूनही काकांनी शिवून ठेवले होते.

काकींचा अधूनमधून फोन येतो. तिथला जिना त्या आता न थांबता चढतात. काका काय करतात, असे मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, ‘घराच्या बाजूलाच शाळा आहे, सर. मी खिडकी बंद ठेवते.’

व्हरांड्यातल्या मशीनवर आता मुले डबे ठेवतात. यंदाच्या जूनमध्ये त्याच्याभोवती बसून काही आयांनी पँटींची एकेक घडी सोडली. धुऊन धुऊन पँटी फिकट झाल्या आहेत. घडीतले कापड मात्र पहिल्या दिवसाइतकेच निळे निघाले. सकाळी प्रार्थनेसाठी मुले रांगेत उभी राहतात, तेव्हा सर्वांच्या घोट्यांपाशी ती गडद पट्टी दिसते. आत आणखी एक घडी शिल्लक आहे.