मरून टिकली दुकानाची, हिरवी घरची

मी दोन टिकल्या चुकीच्या जागी चिकटवल्या, म्हणून माझा धाकटा भाऊ देगलूरला राहायला गेला. हसायचं असेल तर खुशाल हसा. मी सोडून सगळे हसून झालेत.

नांदेडला आमचं वजनकाट्यांचं दुकान. बाबांनी टाकलेलं. नवे काटे विकायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे. मी गल्ल्यावर (म्हणजे चहा पिणार आणि हुकूम सोडणार), आणि मिलिंद माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तो मोटारसायकलवर. भोकरला काटा बंद पडला, पळ. देगलूरला आडतीत काटा वजन दाखवत न्हाई, पळ. आमची थोरली बहीण अक्का लातूरला असते, गणिताच्या मास्तरीणबाई म्हणून रिटायर झालेली. बाबा गेल्यावर तिनं दुकानातला आपला हिस्सा सोडला, पण एका अटीवर. "दुकान एकच राहील अन् दोघं मिळून चालवाल. येगळे झालात तर मला तोंड दाखवू नका."

तर अशा दुकानात एका बँकेच्या माणसानं गोड बोलून आमच्या गळ्यात तीन क्रेडिट कार्डं मारली. दोन दुकानाची, एक माझ्याकडं, एक मिलिंदकडं, दोन्हीचं बिल एकत्र. तिसरं घरखर्चाचं, तेही माझ्याच खिशात. तिन्ही काळी कुळकुळीत, एकाला झाकावं अन् दुसरं काढावं! मी घरात जाहीर केलं, "दुकानाचा पैसा घरच्या पैशाला शिवता कामा नये!" आणि बायकोच्या आरशावरच्या दोन टिकल्या उपटल्या.

"अहो, माझ्या टिकल्या कशाला काढून राहिले?" सुनंदा ओरडली.

"ही सिस्टीम हाय. मरून टिकली दुकानाच्या कार्डाला, हिरवी घरच्या."

"त्यापेक्षा पेनानं लिहा की!"

"पेनानं कुणीबी लिहितं," मी म्हणालो. (हे वाक्य मला पुढं लई महागात पडलं.)

सिस्टीम दोन महिने झकास चालली. मग नांदेडचा मे महिना आला. एका दुपारी घामानं शर्ट चिंब झाला, आणि दोन्ही टिकल्या कार्डांवरून सुटून खिशाच्या कापडाला चिकटल्या. आता कुठली टिकली कुठल्या कार्डाची? शंका आली, न्हाई असं न्हाई. पण सुनंदाला विचारलं असतं तर "मी म्हणलं होतं पेनानं लिहा" हे वर्षभर ऐकावं लागलं असतं. मी डोळे मिटून थोडा विचार केल्यासारखं केलं आणि दणक्यात चिकटवल्या. उलट्या!

पुढच्या महिन्यापासून घरचा चहा पातळ झाला. घरच्या कार्डाचं बिल सुनंदा भरायची, मी तिच्या हातावर ठरावीक रक्कम ठेवायचो. ती म्हणाली, "या महिन्याला बिल लई आलंय हो." मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "हात जरा आखडता घे." तिनं घेतला.

पावसाळ्यात एकदा निवांत होतो म्हणून दुकानाची तीन महिन्यांची बिलं छापून घेतली आणि माझे डोळे पांढरे झाले. 'एस. के. एंटरप्रायझेस', बावीस वेळा! कधी दीडशे, कधी दोनशे चाळीस. आणि दर महिन्याला न चुकता 'जे. पी. कॉस्मेटिक्स'. मी तर दुकानाच्या कार्डानं फक्त लोडसेल, वायरी, बॅटऱ्या असला काट्यांचाच माल घेतो. म्हणजे उरला कोण? मिलिंद!

झालं, माझं डोकं सुसाट सुटलं. बावीस वेळा जातो म्हणजे दारूचा नाद लागला असणार. आणि कॉस्मेटिक? त्याची बायको वैशाली तर साधी पावडर लावत न्हाई. मग कुणासाठी? देगलूरचा काटा दर आठवड्याला बिघडतोच कसा? संध्याकाळपर्यंत देगलूरच्या त्या बाईचं घरसुद्धा माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. दाराला तोरण होतं.

मी अक्काला फोन लावला. "अक्का, मिलिंदचं पाऊल वाकडं पडून राहिलंय. दुकान खाऊन टाकलं त्यानं."

अक्का म्हणाली, "रविवारी दोघं या. कागद घेऊन ये. त्याला काही बोलू नको."

लातूरच्या बसमध्ये मिलिंदनं मला खिडकी दिली. मला लहानपणापासून बस लागते, म्हणून त्यानं खिशात लिंबू आणलं होतं. तिकीटही त्यानंच काढलं. "दादा, अक्काला बरं न्हाई का? असं अचानक का बोलावलं?" तो सारखा विचारत होता. मी मांडीवरची फाईल घट्ट धरून बसलो. अहमदपूरला उतरून त्यानं गरम भजी आणली. चोराची भजी खावीत का, असा प्रश्न मला पडला. (खाल्ली. सगळी खाल्ली.)

अक्काच्या घरी जयभीम झाला, चहा झाला. कपबश्या उचलल्यावर ती म्हणाली, "हं प्रकाश, काढ."

मी वकिलासारखा उभा राहिलो. "मिलिंद, हे एस. के. एंटरप्रायझेस काय हाय?"

"आपल्या कोपऱ्यावरचं मिठाईचं दुकान," मिलिंद सहज म्हणाला. "बोर्डावर नाव येगळं हाय, पण त्यांचा काटा मीच दुरुस्त केला ना, पावती याच नावानं फाडली होती."

"म्हणजे कबूल! अन् जे. पी. कॉस्मेटिक्स?"

"गल्लीतलं जनरल स्टोअर. पण कबूल काय, दादा?"

"दुकानाच्या पैशावर मिठाया! अन् कॉस्मेटिक कुणासाठी घेतोस? देगलूरला कोण हाय तुझं?"

मिलिंदनं अक्काकडं बघितलं, मग फाईलकडं, मग माझ्याकडं. आता त्याला कळलं की आपल्याला लातूरला का आणलंय. "मला यासाठी आणलं होतंस?" एवढंच म्हणाला.

अक्कानं चष्मा लावला आणि कागद ओढून घेतले. गणिताच्या बाईच त्या! "प्रत्येक खर्चापुढं कार्डाचे शेवटचे चार आकडे छापलेत. मिलिंद, तुझं कार्ड दाखव." दाखवलं. जुळलं न्हाई. "प्रकाश, तुझं दुकानाचं काढ." मी ऐटीत मरून टिकलीचं काढलं. तेही जुळलं न्हाई.

"बघ!" मी ओरडलो. "त्यानं चौथं कार्ड काढलंय!"

"हिरवं काढ."

काढलं. चारही आकडे जुळले.

"टिकल्या कुणी चिकटवल्या?"

"मी."

"तुला शुगर हाय ना?"

"...हाय."

"सुनंदा तर म्हणते तू रोज संध्याकाळी फिरायला जातोस."

"जातो की. कोपऱ्यापर्यंत."

"अन् कॉस्मेटिक?"

आता हे कसं सांगू! मी छप्पन्न वर्षांचा, डोकं काळंभोर, आणि गेली दहा वर्षं सगळ्या पै-पाहुण्यांना सांगत आलोय की आपल्या घराण्यात केस पिकतच न्हाईत. समोर अक्काचं डोकं कापसासारखं पांढरं. मिलिंदच्याही कानशिलांवर अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच दोन-चार पांढरे. दोघं माझ्या केसांकडं बघत होते. मी डाय लावतो हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

अक्कानं तिथूनच सुनंदाला फोन लावला. सुनंदा म्हणाली, "घरच्या बिलात कसले कसले पार्ट येत होते. मला वाटलं यांनी काही घेतलं असेल. विचारलं तर हात आखडता घे म्हणाले. मग मी शिलाईच्या पैशातून भरलं, अन् दूध अर्धा लिटर कमी केलं." तो पातळ चहा मी तीन महिने नावं ठेवत प्यालो होतो. मला लई लाज वाटली.

"चुकलो रे, मिलिंद," मी म्हणालो. "टिकली पडली, दुसरं काही न्हाई."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. "टिकलीचं सोड, दादा," तो हळूच म्हणाला. "टिकली कुणाचीबी पडते. तू शेजारी बसून तीन तास माझी भजी खाल्लीस अन् मला एक शब्द विचारला न्हाईस."

परत येताना त्यानं मला खिडकी दिली, हातात लिंबू दिलं आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला. नांदेड येईपर्यंत मी दहा वेळा मागं वळून बघितलं. तो बाहेर बघत होता.

दोन महिन्यांत त्यानं देगलूरला स्वतःचं दुकान टाकलं. मी अक्काच्या पाया पडलो, "त्याला अडव, तुझी अट होती ना!" ती म्हणाली, "अट तू मोडलीस. त्याला कोणत्या तोंडानं सांगू?" सणावाराला मिलिंद येतो, जेवतो, "दादा, गोळ्या घेतोस ना?" विचारतो आणि शेवटच्या बसच्या आधी निघतो.

सुनंदानं आता कार्डांवर पेनानं लिहिलंय. मी डाय बंद केला. महिन्याभरात डोकं मुळापासून पांढरं झालं. आता काटा दुरुस्त करायला कोणी पाठवायला न्हाई, म्हणून मीच उलट्या करत बसनं भोकरला जातो. परवा तिथला एक आडत्या काटा माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "बाबा, मिलिंदभाऊ न्हाई आले? तुमचं पोरगं ना ते? लई गुणाचं माणूस."

मी आपलं "हाव" म्हणालो. भाऊ हाय म्हणालो असतो, तर येगळे का झालात हे त्यानं विचारलं असतं.