कटरे सर आणि तुसाची राख

कटरे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. कमरेच्या वरचे सर एका काळ्या घोंगडीत होते आणि ती घोंगडी प्रयोगशाळेच्या टेबलावर पसरली होती. मी दारातच थबकले. आतून आवाज आला, "कोण होय? आत या नाहीतर बाहेर राहा, पण दार लावा. उजेड येऊन राह्यला."

गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या त्या कॉलेजात डार्करूम नव्हती. सर भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात चमकणाऱ्या पावडरींवर संशोधन करायचे. दिव्यांत, पडद्यांत अशा पावडरी वापरतात. दोन-तीन क्षार खलात घोटायचे, भट्टीत तापवायचे आणि मग अतिनील दिवा धरून काय चमकतं ते पाहायचं. त्यासाठी अंधार लागायचा, तो सरांना घोंगडीत मिळायचा. २००३ साली मी एम.एस्सी. करून त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागले, तेव्हा आठवड्याभरात मीही त्या घोंगडीला सरावले.

सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि प्रयोगशाळेत आमच्या भागातली झाडीबोली. मला ते 'बाई' म्हणत, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं. लोडशेडिंगचे दिवस होते. भट्टी हजार अंशांवर पोचायची आणि वीज जायची. माझी चिडचिड व्हायची. सर मात्र वहीत तेवढी नोंद करून परत पहिल्यापासून सुरुवात करत. "काऊन तणतणून राह्यली बाई?" म्हणत. "भट्टीले माहीत आहे का तुले घाई आहे म्हणून?" माझी एखादी नोंद अंदाजाने लिहिलेली वाटली की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "हे पाह्यलं का वाटलं?" पाहिलं असेल तर हो म्हणायचं, वाटलं असेल तर खोडायचं. सुरुवातीला माझ्या वहीत खोडलेलंच जास्त होतं.

सरांच्या डोक्यात एक कल्पना बरेच दिवस होती. आमच्याकडे राइस मिलच्या मागे धानाच्या तुसाचे ढीग पडलेले असतात. तूस जाळलं की राखेत सिलिका उरते. महागडी सिलिका विकत घेण्यापेक्षा या राखेतून चमकणारी पावडर का करू नये? दीड वर्ष आम्ही ती राख घोटली. मग एका दुपारी मी घोंगडीत शिरून दिवा लावला आणि बंद केला, तरी पावडर चमकतच राहिली. हिरवट, मंद, पण स्पष्ट. मी ओरडलेच. सर आत गेले, बराच वेळ आत राहिले आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "हे पाह्यलं."

लेख एका परदेशी नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं. इथल्या वर्तमानपत्राने 'तुसातून प्रकाश' अशी बातमी दिली आणि गोंदियाच्या काही मिलवाल्यांनी सरांचा शाल देऊन सत्कार केला. माझ्या बाबांनी तो लेख फ्रेम करून भिंतीवर लावला. त्यांना त्यातलं नावाखेरीज काही वाचता येत नव्हतं.

पुढच्या कामासाठी मी तीच पावडर पुन्हा तयार केली, तेव्हा ती चमकली नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. आम्ही राख बदलली, मिल बदलली, भट्टीचं तापमान तपासलं. तीन आठवडे गेले. शेवटी सरांनी विचारलं, "पह्यली पावडर कोणत्या खलात घोटली होती?" लेखानंतर मी नवा खल वापरत होते; कपाटातून जुना काढला. तो सरांनीच मला दिला होता. माझ्या आधीचा एक विद्यार्थी त्यात स्ट्रॉन्शियमची पावडर घोटायचा, आणि ती दिवा विझल्यावरही तासन्‌तास चमकते हे जगाला ठाऊक होतं. सर खल घेऊन घोंगडीत शिरले आणि लगेच बाहेर आले. "जाय, पाह्य."

मी आत गेले. खलाच्या तळाशी केसाएवढी चीर होती आणि ती चीर हिरवी चमकत होती.

मी बाहेर आले तेव्हा सर खुर्चीत बसले होते. मला त्यांच्याकडे पाहवलं नाही. वीस दिवसांनी माझी एका कॉलेजात प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखा तो एकच लेख होता.

"सर, खल फोडून टाकू," मी म्हणाले. "तुसाची राख कोण घोटत बसणार आहे? कोणाला कळणार?"

"तुले कळलं, मले कळलं. दोघं झाले. आणखी किती लोकं पाह्यजेत?"

"माझी मुलाखत आहे सर."

त्यांचीही बढती त्या वर्षी होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. लेख मागे घेण्याचं पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. त्यात लिहिलं होतं की चमक राखेची नव्हे, खलाच्या चिरेत राहिलेल्या जुन्या पावडरीची होती, खल मार्गदर्शकाने दिला होता आणि तो तपासणं मार्गदर्शकाचं काम होतं. खाली दोन सह्यांची जागा होती. त्यांनी आपली सही केली आणि पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "तुह्या मनात येईन तवा कर," म्हणाले. एकदाही आठवण करून दिली नाही. मी रोज यायची, पत्रावर वही ठेवायची आणि काम करायची.

सही न करताच मी मुलाखतीला गेले. तिथे एका वयस्कर गृहस्थांनी लेखाचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, "परत करून पाहिलंत ना? येतो तोच निकाल?"

"हो सर," मी म्हणाले.

रात्रीच्या एसटीने परतले. सकाळी कॉलेजात जाऊन सही केली आणि मुलाखत घेणाऱ्यांनाही एक पत्र लिहिलं. सरांना ते दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि विचारलं, "च्या पिली का?" मी नाही म्हटलं. त्यांनी दोन चहा मागवले.

नेमणूक मिळाली नाही. त्या पत्रामुळे, की जागा आधीच कोणाची ठरली होती म्हणून, ते कधी कळलं नाही. सरांची बढती दोन वर्षं रखडली. वर्तमानपत्राच्या कचेरीत ते स्वतः गेले, आणि आतल्या पानावर खुलाशाच्या चार ओळी आल्या. मिलवाल्यांकडे शाल परत करायला गेले तर शेठजी हसायला लागले. "रख लो सर जी, शाल तो असली है." सर तो किस्सा सगळ्यांना सांगत आणि स्वतःच जास्त हसत. मला मात्र वर्षभर हसू आलं नाही. मी त्यांच्यावर रागावलेली होते, आणि काम तर त्यांच्याच शेजारी बसून करावं लागत होतं.

मग एकदा दक्षिणेतून एका संशोधक मुलीचं पत्र आलं. ती सात महिने आमची पावडर करत होती. होत नव्हती, म्हणून तिचे मार्गदर्शक तिला हाताने काम येत नाही असं म्हणत होते. नियतकालिकातला आमचा खुलासा वाचून ती खूप रडली, असं तिने लिहिलं होतं. सरांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. "उत्तर तूच लिही." ते लिहायला मला अख्खी दुपार लागली. त्यानंतर राग कुठे गेला, लक्षात नाही.

मला पुढे सौंदडच्या बाजूला नोकरी लागली. सर निवृत्त झाले आणि तीन वर्षांत हृदयविकाराने गेले. मी त्यांच्या गावी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. सरांचे थोरले भाऊ आयुष्यभर शेतीच करत आलेले. मी सरांची विद्यार्थिनी हे कळल्यावर त्यांनी मला बाजूला नेलं.

"मॅडम, एक पुसतो. लोकं म्हणतेत, माह्या भावानं शोध लावला होता. नेमका कायचा जी?"

मी सांगितलं. तूस, राख, खल, चीर, पत्र, सगळं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"म्हणजे त्यानं आपलीच चूक शोधली?"

"हो काका."

"अन् सांगून देल्ली?"

"छापून."

ते अंगणात बसलेल्या माणसांकडे वळून म्हणाले, "थोडं सरका जी. या मॅडमले बसू द्या. ह्या संगं होत्या त्याच्या."