पहिला घास शेजारणीच्या डब्यातला

माझ्या केबिनच्या भिंतीवर देवाची तसबीर नव्हती, एक त्रिकोण होता. मीच कार्डशीटवर स्केचपेनने काढलेला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी होते आणि नव्वदच्या आसपासच्या त्या दिवसांत उल्हासनगरला संध्याकाळच्या वर्गात पदविका करत होते. तिथे शिकवलं होतं की माणसाच्या गरजांना पायऱ्या असतात. तळाला अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग सोबत, त्यावर मान, आणि टोकावर स्वतःत जे काही आहे ते पूर्ण फुलणं. खालची पायरी भरली की माणूस वरचीकडे बघतो. मला हे इतकं पटलं की भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा मनात यायचं, ही अजून दुसऱ्या पायरीवर. स्वतःला अर्थातच मी चौथीवर धरत होते.

धरायला आधारही होता. केबिन होती, 'मॅडम' म्हणणारे लोक होते. अंबरनाथ पश्चिमेच्या माझ्या खोलीत मात्र आई गेल्यापासून मला हाक मारायलाच कोणी नव्हतं. कित्येक रविवारी माझा आवाज फक्त दूधवाल्याने ऐकलेला असायचा.

कारखान्यात जेवायला आम्ही स्टाफची माणसं वरच्या मजल्यावर. पुरुष एका लांब टेबलाला बसून क्रिकेटवर वाद घालायचे. कोपऱ्यातलं छोटं टेबल माझं, कारण स्टाफमध्ये बाई मी एकटीच. तीन वर्षं मी तिथे भिंतीकडे तोंड करून जेवले. पॅकिंगच्या बायका खाली, कपडे बदलायच्या खोलीत, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून गोल करून बसायच्या. त्यांचं हसणं जिन्यातून वर यायचं आणि मला त्याचा राग यायचा. एवढं हसण्यासारखं काय असतं रोज?

पदविकेच्या प्रकल्पासाठी मी एक फॉर्म काढला. त्यात पाच गोष्टी: अन्न, सुरक्षितता, सोबत, मान, प्रगती. सर्वांत जास्त गरज कशाची, त्या क्रमाने आकडे घालायचे. चाळीस बायकांना चाळीस फॉर्म वाटले. दुसऱ्या दिवशी परत आले ते सगळे एकसारखे. सोबत एक, अन्न दोन, मान शेवटी. दोन-तीन कागदांवर चटणीचे डाग. मी वैतागले. सरळ सरळ कॉपी! त्यातून सोबत अन्नाच्याही आधी, म्हणजे प्रश्नच कळला नव्हता. गठ्ठा बांधून मी कपाटात मागे टाकला.

एकीचा फॉर्म राहिला होता. ती बदलापूरच्या पुढे बारवीच्या बाजूच्या एका पाड्यावरून यायची आणि तेव्हा भाताच्या लावणीसाठी रजेवर होती. कामात फार हुशार. मशीनच्या नुसत्या आवाजावरून तिला कळायचं की गोळ्यांची पट्टी तिरकी जातेय. रजेवरून आल्यावर तिला मी केबिनमध्ये बसवून फॉर्म दिला.

"मॅडम, यातलं चांगलं कुठलं?" तिने विचारलं.

"चांगलं-वाईट काही नसतं. तुम्हाला काय हवंय ते लिहा," मी म्हणाले. माझं बोट मात्र 'मान' या शब्दावर टेकलेलं होतं. तिने बोटाकडे पाहिलं आणि त्याच्यापुढे एक लिहिला.

महिनाभरात मी शिफारस करून तिला सुपरवायझर केलं. पांढरा कोट मिळाला, आणि सुपरवायझरने कामगारांत बसून जेवायचं नाही असा नियम होता, म्हणून ती वर आली. नियम मी केला नव्हता. पण कोपऱ्यातल्या टेबलाला दुसरी खुर्ची मीच शिपायाला सांगून आणवली.

पहिल्या दिवशी तिने डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ, आणि नुसती बसून राहिली. मी जेवत होते. ती माझ्या डब्याकडे बघत होती. मला वाटलं, लाजतेय. चौथ्या दिवशीही तेच, तेव्हा विचारलं.

"आमच्यात पहिला घास आपल्या डब्यातला खात नाय," ती म्हणाली. "शेजारणीच्या डब्यातला खायचा. मग कोणाची भाजी नसली तरी कळत पण नाय. ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचची सिंधी बाई कोकी आणते ना, तिची जाड पोळी, तर माझा पहिला घास तोच असायचा."

मी माझ्या डब्यातली भाजी तिच्या झाकणावर वाढली. तिने भाकरीचा तुकडा माझ्या झाकणात ठेवला. आई गेल्यानंतर दुसऱ्याच्या हातची भाकरी मी पहिल्यांदा खात होते. वालाला तिखट जास्त झालंय, एवढंच मी म्हणाले.

मग मी सकाळी लवकर उठून दोन-दोन भाज्या करू लागले. जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लागायचे. ते दिवस सुखाचे होते, लपवण्यात अर्थ नाही.

माझे. तिचे नव्हते. ती खाली गेली की बायका गप्प व्हायच्या. आधी चेष्टेने आणि मग खरोखरच तिला मॅडम म्हणू लागल्या. दोन महिन्यांनी तिने अर्ज दिला: मला परत पॅकिंगला घ्या. "पगार कमी होईल," मी म्हणाले. "होऊ दे," ती म्हणाली. अर्ज मी खणात ठेवला आणि साहेबांकडे पाठवलाय असं सांगितलं. दर सोमवारी ती विचारायची. दर सोमवारी मी साहेबांना शिव्या घालायचे, बघा, किती वेळ लावतात ही माणसं.

एक दिवस ती डबा न आणताच समोर बसली. उपास का, म्हणून मी विचारलं.

"मॅडम, माझा कागद कुठं गेलाच नाय ना?"

मी माझा डबा तिच्यापुढे सरकवला.

"तुम्हाला सोबत पायजे होती तर तुम्ही खाली यायचं. मला कशाला वर आणलंत?"

रागाने म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. मीच मनात चरफडले. कोणासाठी एवढं केलं, आणि ही बोलते काय! पण डबा तसाच टाकून केबिनमध्ये गेले, खण उघडला, अर्जावर सही केली आणि तो साहेबांकडे पाठवला. पुढच्या सोमवारी तिने पांढरा कोट घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

त्या दुपारी कपाटातला गठ्ठा काढला. चटणीचे डाग बघून तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्या बायकांनी कॉपी केली नव्हती. जेवताना गोलात बसून, बोलून, मिळून ते उत्तर ठरवलं होतं. मी मात्र ज्या एकीला एकटीला बसवून विचारलं, तिचंच तेवढं खरं धरलं.

काही दिवसांनी मी खाली गेले. हातात डबा होता. खोलीचं दार उघडंच होतं. तिने मला पाहिलं आणि बाकीच्या गप्प व्हायच्या आत ती थोडी सरकली. तिच्या आणि सिंधी बाईच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा झाली.

"या ना मॅडम, बसा."

चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या. "नाही, नाही," मी म्हणाले, "नळ गळतोय अशी तक्रार होती, बघायला आले."

नळ गळत नव्हता. तिने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि माझी लाज राखायला म्हणाली, "हां, गळतो कधीकधी."

मी वर आले. दुसरी खुर्ची शिपायाने अजून नेली नव्हती. थोडा वेळ मी डबा उघडून तशीच बसले, आणि मग पहिला घास माझ्याच डब्यातला खाल्ला.