अकरा ते पाचचं पाणी

"पाणी चांगलं हाय म्हणता, मंग मासे मेले कायनं? यानंच विष घातलं." मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष माझ्याच रिपोर्टवर बोट ठेवून बोलत होते. समोर तळ्याचा राखणदार नामदेव मान खाली घालून उभा. दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकायची मीटिंग होती. माझं डोकं फिरलं.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात मत्स्यपालनाच्या ऑफिसात असिस्टंट होतो. शहराबाहेर बेसा गावाच्या पलीकडच्या या गावतळ्यात रोज सकाळी रोहू मरून तरंगत. मी दोनदा सायकल हाणत गेलो, भर दुपारी पाणी तपासलं. मासा तोंडाने पाणी घेतो, कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तिथून रक्तात जातो. तो आहे की नाही हे बघायला नमुन्याच्या बाटलीत औषध टाकायचं. तळाशी तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढरा बसला तर मासा गुदमरणार. दोन्ही वेळा झकास तपकिरी बसला.

नामदेवचं मात्र एकच पालुपद. "साहेब, पहाटे या. मासोळ्या तोंड वर काढून राहिल्या असतात."

मी आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नमुने ऑफिसच्या वेळेतच घ्यायचे, अकरा ते पाच. आता मासे काय मस्टरवर सही करून मरतात?

वैतागून मी मीटिंगच्या दिवशी अंधारातच निघालो. अध्यक्षांना झोपेतून उठवून तळ्यावर नेलं. सगळं तळं तोंडं उघडून वर आलं होतं. बाटलीत औषध टाकलं. साका चुन्यासारखा पांढरा.

"शेण किती टाकलं?" मी विचारलं.

माशांचं खाद्य वाढावं म्हणून तळ्यात थोडं शेण टाका, असं आम्हीच सांगायचो. यांनी गाड्याच्या गाड्या रिकाम्या केल्या होत्या. पाणी शेवाळाने हिरवंगार. ते शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री स्वतःच वापरतं. कुजणारं शेणही ओढतंच. पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही, आणि दुपारी पुन्हा सगळं ठीक.

अध्यक्ष नामदेवकडे वळले. "नामदेव म्हणे, शेण पुरे करा. म्याच नाही आयकलं."

नामदेवची नोकरी राहिली. साहेबांनी माझा रिपोर्ट परत पाठवला: नमुन्याची वेळ चुकली आहे, दुरुस्त करा. मी चिडून आधीचे दोन रिपोर्ट काढले. दोन्हींवर शेऱ्याच्या रकान्यात माझंच अक्षर होतं: 'राखणदार पहाटे येण्यास सांगतो. दखल घेण्याजोगे नाही.'