डी ड्राइव्हचा बांध

आमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली आहे. प्लग निघाला की तो लगेच मान टाकतो. असल्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायची हौस मला आली. हौसेला मोल नसतं.

तयारी मात्र मी चोख केली. बायको कान्हे गावाच्या बाजूला एका शाळेत शिकवते. तिच्या फायलींसकट सगळं आदल्या दिवशीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला आणि डी ड्राइव्ह लहान करायला लावला. सुटेल ती जागा लिनक्सची.

आई सुदुंबऱ्याहून आमच्या वराळ्याच्या फ्लॅटवर राहायला आली, तरी तिच्या डोक्यातलं रान काही सुटलेलं नाही.

"काय चाललंय रं?"

"एकाच रानात दोन पिकं घ्यायची आहेत. बांध सरकवतोय."

"मोजणीवाला कुटं हाय?"

"मीच मोजणीवाला."

"मग झालं कल्याण. आन् मदीच बंद पडलं तर?"

"तर कुठलं काय कुठं गेलं, कुणालाच कळणार नाही. तुझ्या सुनेच्या शाळेतल्या पोरांची गाणी आहेत त्यात. प्लगला हात लावू नकोस."

हे बजावायला कारण होतं. आईच्या लहानपणी घरामागच्या आंब्यावर वीज पडली आणि घरातला रेडिओ जळून गेला. तेव्हापासून आभाळ गुरगुरलं की ती घरभर फिरून प्लग उपसते. फ्रिज, टीव्ही, वायफाय, कुणालाही माफी नाही. आमच्याकडे आइस्क्रीम प्यावं लागतं, असं मी पाहुण्यांना सांगतो. त्यावरून मी तिला आयुष्यभर चिडवत आलोय.

कामाला वेळ लागणार होता, म्हणून मी दळण आणायला गिरणीत गेलो. तिथं बायकोचा फोन आला.

"अरे, फोनमधले सगळे व्हिडिओ सकाळी लॅपटॉपमध्ये टाकलेत. फोन रिकामा केलाय. उद्या चौथीचा निरोप समारंभ, पोरांना तेच दाखवायचेत. नीट आहेत ना?"

सकाळी! म्हणजे माझ्या बॅकअपनंतर. "हो, हो," म्हणालो खरा, पण तेवढ्यात आभाळ कडाडलं आणि वीज जाऊन गिरणीचा पट्टा थांबला.

दळण तिथंच टाकून मी पळत सुटलो. आईनं प्लग उपसला असणार. आणि नसला उपसला, तरी आमचा इन्व्हर्टर म्हातारा. दोन पंखे लावले की कुंथायला लागतो. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं मी वाटेत जुळवत होतो. एकही जुळलं नाही.

दार उघडलं तर दिवे बंद, पंखे बंद, बोर्डाबोर्डाखाली वायरी लोंबत होत्या. उजेड फक्त लॅपटॉपचा. त्याच्या प्लगवर तळहात दाबून आई स्टुलावर बसली होती.

"समदं काडलं," ती म्हणाली. "पंखं बी बंद केलं. ह्ये तेवढं न्हाई काडलं. पोरांचं हाय म्हनलास ना."

घरातलं सगळंच बंद असल्यामुळं इन्व्हर्टरचा सगळा जोर त्या एकट्या लॅपटॉपला मिळत होता. मला हसू आवरेना.

थोड्या वेळानं काम सुखरूप संपलं. मी फोल्डर उघडलं. सगळे व्हिडिओ जागच्या जागी होते. एक लावला, तर चौथीची पोरं बाकांवर नाचत गात होती. आई डोळे बारीक करून बघत राहिली.

"लय ग्वाड हाईत," ती म्हणाली.

"झालं आई. सोड आता ते."

बाहेर पुन्हा कडाडलं. तिला हात उचलता येईना. मी तो धरून बाजूला घेतला, तर गार पडला होता. इतका वेळ ती तशीच बसली होती. मी लॅपटॉप बंद केला आणि तो प्लग माझ्या हातानं काढला.