दारुड्याच्या पोराची साक्ष

माझा बाप दारू पीत नाही. मी त्याला दारुड्या केलं. भर सभेत, माइक हातात धरून, आवाज ओला करून. बाप तेव्हा पिशोरच्या बाजारात पाठीवर मक्याचं पोतं घेऊन चालला असेल. त्याला काय पत्ता, की शहरात शिकायला ठेवलेल्या पोरानं इकडं त्याच्या तोंडाला बाटली लावलीय.

हे कशापायी केलं? तर एका हशापायी.

विद्यापीठात एम.ए.ला आलो त्या वर्षीची गोष्ट. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्हा ख्रिस्ती विद्यार्थ्यांची फेलोशिप भरायची. आधी लायब्ररीमागच्या लिंबाखाली, गोल करून. मग वॉचमन उठवायला लागला, म्हणून गेटाबाहेर एक हॉल बघितला. गाणी, प्रार्थना, बायबल अभ्यास, शेवटी चहा. वीस-पंचवीस पोरंपोरी. निम्मी शहरातली, इंग्रजी शाळेत शिकलेली. निम्मी आमच्यासारखी, एसटीनं आलेली. गाणी हिंदी नाहीतर इंग्रजी, गिटारवर. मला गिटार येत नाही. ढोलकी येते. पण ढोलकी गावठी वाटते असं ठरलं होतं, म्हणून माझ्याकडं चटया आणि चहा.

ठरवणारा रूबेनदादा. पीएच.डी. करत होता. आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर, छावणीत बंगला, बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आपोआप सरळ बसावं. माणूस वाईट नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा यानंच गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं, दोन दिवस डबा आणला. हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर त्याला शिव्या घालणं लई सोपं होईल.

आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. सगळ्यांपुढं उभं राहायचं, आपण आधी काय होतो आणि प्रभूनं कुठून काढून कुठं आणलं ते सांगायचं. माझी पाळी आली. मी खरं ते सांगितलं. पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. बाबा हमाल. गावच्या चर्चच्या मंडळीत ते वडील आहेत, म्हणजे पाळक आले नाहीत तर उपासना तेच चालवतात. पहाटे आई आणि ते स्तोत्र म्हणतात, मग बाबा बाजारात जातात. मी काही कुठं हरवलो नव्हतो, त्यामुळं सापडलोही नाही. एवढं बोलून खाली बसलो.

कोणी आमेन म्हणेना. रूबेनदादा हसला.

"ब्रदर, ही साक्ष नाही. हा बायोडाटा आहे."

हॉलभर हशा पिकला. मीपण हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

मग त्यानं मायेनं विचारलं, डॉक्टर विचारतो तसं. "वडील हमाली करतात ना? घरात दारूचा वगैरे काही त्रास?"

वीस-पंचवीस माना माझ्याकडं वळल्या. पहिल्यांदाच. चहा ओततानासुद्धा कोणी माझ्याकडं बघायचं नाही, फक्त कपाकडं. नाही म्हणायला एक क्षण लागतो. मी तो क्षण घालवला.

"व्हय," मी म्हणालो. "पितात."

त्या दिवशी सगळ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. एक मुलगी रडली. चहा दुसऱ्यानं केला.

पुढं मग मला रोखणारं कोण? दोन महिन्यांत सात ठिकाणी साक्ष दिली. वाळूजला कंपनीतल्या कामगारांची घरगुती सभा, बिडकीनची मंडळी, शहरातल्या दोन-तीन फेलोशिपा. प्रत्येक ठिकाणी बाबा थोडी जास्त प्यायचे. आमच्या गल्लीत एकजण चप्पल उशाला घेऊन नालीकडेला झोपायचा. त्याला मी बाबांचा सदरा घातला. तिसऱ्या ठिकाणी बाबांनी दारूपायी ढोलकी विकली. पाचव्या ठिकाणी आईचं मंगळसूत्र विकायच्या बेतात होतो, पण तिचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि थांबलो. माझी नीतिमत्ता ती एवढीच.

आमच्यात सुवर्णा नावाची मुलगी होती, बिडकीनची. चटया गोळा करताना ती हळूच म्हणाली, "तुझा बाप दर शुक्रवारी एक क्वार्टर वाढवतो का रे?" मी हसण्यावारी नेलं. तिनं नेलं नाही.

त्याच महिन्यात बायबल अभ्यासाला दहा आज्ञा होत्या. आईबापाचा मान ठेवायची एक, खोट्या साक्षीची एक. दोन्ही एका दमात मोडणारा माणूस झेरॉक्सचे कागद वाटत होता.

एकदा मी नवा शर्ट घालून गेलो. आईनं नाताळाला शिवून घेतलेला, पांढरा, बारीक रेघांचा. रूबेनदादानं मला दारातच बाजूला घेतलं.

"हा नको रे. तो निळा घाल. कॉलर फाटलेला. लोक कनेक्ट होतात."

मी होस्टेलवर परत गेलो. पांढरा काढला, निळा चढवला. आरशात बघितलं. एरवी स्वतःला बघून मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. तरी गेलो. बोललो. लोक कनेक्ट झाले.

मग आलं प्रार्थनापत्र. फेलोशिप दर तीन महिन्यांनी चार पानांचं पत्र काढायची, व्हॉट्सॲपवर सगळ्या मंडळ्यांत जायचं. त्यात दुसऱ्या पानावर मी. निळा शर्ट. खाली माझं नाव, गावाचं नाव, आणि ठळक अक्षरात 'दारुड्या हमालाचा मुलगा'. ढोलकीचं प्रकरण सविस्तर.

चार दिवसांनी बाबांचा फोन आला. ते फोनवर मोठ्यानं बोलतात, जणू वाऱ्याविरुद्ध. त्या दिवशी आवाज खाली होता. जेवला का, विचारलं. अभ्यास विचारला. मग म्हणाले, "तुमचं ते शुक्रवारचं कितीला असतं?"

मी पाच म्हणालो. कशाला, ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

शुक्रवारी पुण्याहून दोन पाहुणे आले होते. हॉल भरलेला. मी निळ्या शर्टात पुढं, माझं नाव कार्यक्रमात तिसरं. गाणं चालू असताना दार उघडलं. बाबा. धुतलेला पायजमा, पांढरी टोपी, आणि खांद्याला कापडी खोळीत ढोलकी. पिशोरहून एसटीनं, दोन गाड्या बदलून, मांडीवर ढोलकी घेऊन आले होते. ते मागच्या चटईवर बसले. माझ्याकडं एकदाच बघितलं. कॉलरकडं.

मी उठून त्यांच्याकडं जायला पाहिजे होतं. पाय उचलला नाही.

शेजारच्यानं बाबांना विचारलं आणि रूबेनदादाच्या कानात सांगितलं, हे याचे वडील. त्याचा चेहरा उजळला. मनापासून उजळला, ढोंग नव्हतं. तो माइकवर म्हणाला, की बघा, ज्यांच्यासाठी आपण तीन महिने गुडघे टेकले, ते स्वतः चालत आलेत. टाळ्या. तो गेला, बाबांना हाताला धरून पुढं आणलं. बाबा काही बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात रूबेनदादा म्हणाला, "आपण प्रार्थना करू या," आणि बाबांच्या डोक्यावर हात ठेवला.

आता बाबांचा नियम असा: प्रार्थना चालू असताना छपराला आग लागली तरी आमेन झाल्यावर पळायचं. त्यांनी तोंड मिटलं. टोपी काढून हातात घेतली. मान खाली घातली.

पाहुण्यांनी एकेक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. सगळ्या हॉलनं हात पुढं केले. रूबेनदादाचा आवाज चढत गेला. हे प्रभू, या दारूच्या बेड्या तोड. हा माणूस बायकोचे अश्रू प्यालाय, लेकरांची भाकर प्यालाय. आणि माझा बाप, ज्यानं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, डोळे मिटून उभा. खांद्यावर न विकलेली ढोलकी. गालाचं हाड हलत होतं. दात आवळले की हलतं तसं.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे. मला वाटलं आता संपेल, आता संपेल. संपेना. दादा नव्या वाक्याला श्वास घेत होता. मधे बोलायचं नाही, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. थांबा म्हणायची जीभ नाही. मग माझ्या बावळट डोक्याला एकच वाट सापडली.

मी जोरात ओरडलो, "आमेन!"

सवयच ती. सगळा हॉल म्हणाला, "आमेन." पुण्याचे पाहुणेही म्हणाले. डोळे उघडले. प्रार्थना संपली. रूबेनदादा हात हवेत घेऊन तसाच.

"माझे वडील दारू पीत नाहीत," मी म्हणालो. "कधीच प्यायले नाहीत. मी खोटं बोललो. सातही वेळा."

वाटलं, आता दगड पडतील. पडले असते तर बरं झालं असतं. एक पाहुणा मान हलवत हळू आवाजात म्हणाला, की अशा घरातली मुलं झाकतातच, हेही बंधनच आहे. दोघीतिघींनी सहानुभूतीनं माझ्याकडं बघितलं. रूबेनदादानं बाबांना विचारलं, "अंकल, सोडून किती दिवस झाले?"

बाबांनी टोपी घातली.

"सोडायला आधी धरावी लागती, साहेब."

कोणी हसलं नाही. कोणाला पटलंही नाही. आणि तिथं, त्या हॉलच्या मधोमध, माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी स्वतःला लई मोठा गोष्टीवेल्हाळ समजत होतो. मी काहीच रचलं नव्हतं. गोष्ट यांच्याकडं आधीपासून तयार होती. हमाल आहे म्हणजे पीत असणार. गावच्या खालच्या आळीतला आहे म्हणजे बायकोला मारत असणार. फक्त खाली सहीची जागा रिकामी होती. ती सही मी केली. म्हणून माझं खोटं एका क्षणात खरं झालं आणि माझा खरा बाप समोर उभा राहूनही खोटा पडला. गावात वरच्या आळीनं आम्हाला खाली ठेवलं, ते कळत होतं. इथं तर एकाच पित्याची लेकरं म्हणून हात धरून गात होतो.

रूबेनदादानं मला बाहेर, जिन्यापाशी नेलं. आवाज खाली, दात घट्ट.

"तुम्हा लोकांना आम्ही स्टेज देतो, आणि तुम्ही असं करता?"

मी म्हणालो, पत्रात दुरुस्ती छापा. तो म्हणाला, नाही, वाचणाऱ्यांचा विश्वास डळमळेल. वाटल्यास पुढच्या पत्रात बाबा सुधारले असं टाकू. चांगला शेवट होईल.

अशा वेळी माणसानं काहीतरी जळजळीत बोलावं. मला आजही रोज नवीन सुचतं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मला शर्ट बदलायचाय." आणि खाली उतरलो. त्या हॉलमध्ये परत गेलो नाही.

बाबा मागोमाग आले. बसस्टँडपर्यंत रिक्षानं गेलो. चहा विचारला तर नको म्हणाले. गाडी लागल्यावर, पायरीवर एक पाय ठेवून, त्यांनी सांगितलं. मंगळवारची उपास प्रार्थना आमच्याच घरी होते, मी जन्मायच्या आधीपासून. हा मंगळवार मंडळीनं दुसऱ्याच्या घरी नेला. कोणी भांडलं नाही, कोणी विचारलं नाही. पत्र सगळ्यांच्या फोनवर होतं. "छापलंय म्हणल्यावर खरंच असंल, म्हणले," बाबा म्हणाले. मग आत जाऊन खिडकीपाशी बसले आणि पुढं बघत राहिले. माझ्याकडं नाही.

त्या रविवारी मी पिशोरला गेलो. बाबा ज्या जागेवरून उपासना चालवतात तिथं उभा राहून सांगितलं, मी खोटारडा आहे. आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. म्हाताऱ्या माणसांनी ऐकून घेतलं. प्रार्थना अजून आमच्या घरी परत आलेली नाही. बघू म्हणाले.

म्हणून मी यादी केली. सात ठिकाणं. जिथं जिथं बापाला पाजली तिथं तिथं जाऊन सांगायचं. बोलावणं येणार नाही, माहीत आहे. न बोलावता जायचं. माइक देणार नाहीत, विनामाइक बोलायचं. हाकललं तर दारात उभं राहून बोलायचं. आणि ज्यांनी ऐकताना डोळे पुसले त्यांना विचारायचं, की तुम्ही एवढ्या लवकर कसा विश्वास ठेवला? कोणी एकानं तरी का नाही विचारलं, बाबा रे, खरंच का? माझं पाप माझं. मी ते फेडीन. त्यांचं त्यांनी बघावं. पण माझ्या बापाच्या नावावर आता कोणाची टाळी नको. माझीसुद्धा.

पहिलं ठिकाण वाळूज. कामगारांची वसाहत, दहा बाय बाराची खोली, सेकंड शिफ्टचे लोक निघून गेलेले, बायका आणि म्हातारे बसलेले. मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. बाबा पीत नाहीत, ढोलकी घरी आहे, शर्ट मुद्दाम घातला होता, आणि तुम्ही का मानलंत. दोनदा अडखळलो. कोणी रडलं नाही.

घरमालकीण मावशीनं लेकराला मांडीवरून उतरवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"भाऊ, खरं सांगू का? मागच्या टायमाला लई भारी बोलला होता तू. आज काय मजा नाय आली."