सूपभर सरकीच्या बदल्यात

मारेगावजवळच्या एका गावात मी नर्स होते. उपकेंद्राच्या ओट्यावर बाळांची वजनं व्हायची, आणि बायका जमल्या की नावांवरून गप्पा सुरू. बाळं घरी जायची, किस्से मात्र ओट्यावरच राहायचे! त्यातले निम्मे एकाच नावाचे.

ते नाव जिचं, ती अंगणवाडीची मदतनीस. पहिल्याच दिवशी मी नाव विचारलं.

"सरकी."

"लाडाचं नको, खरं सांग."

"लाडाचं, खरं, सारं एकच हाय, सिस्टर!"

रुई काढून घेतल्यावर कापसाची जी बी उरते, ती सरकी. मुलीचं असं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं.

*

तिच्या आईची, शांताबाईची, पहिली दोन बाळं जगली नव्हती. म्हणून हिला जन्मल्यावर उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि शेजारच्या गिरजाबुढीनं रीतसर विकत घेतलं. दुसऱ्याची झाली की पोर जगते, असा समज. बुढीच्या हातात पैसा नव्हता. घरात पेरणीसाठी राखलेली सरकी होती, तीच सूपभर ओतली. ज्याच्या बदल्यात घेतलं, तेच नाव पडलं.

"नशीब माह्या पोरीचं," शांताबाई म्हणायची, "बुढीच्या घरी तवा मिरच्या नव्हत्या!"

*

लहानपणी शाळेत गुरुजींनी नाव बदलून सारिका करायचं ठरवलं. पोरगीही खूश. दुसऱ्या दिवशी बुढी शाळेत हजर.

"सारिका कोनाची हाय ते मले मालूम नाही, गुरुजी. म्या सरकी घेतली. माही मले वापस द्या!"

सारिका एक दिवस टिकली.

*

सरकीला ताप आला की इंजेक्शनच्या वेळी बुढी माझ्या डोक्यावर उभी. आई मागे, ही पुढे.

"हलक्या हातानं टोच, सिस्टर. माहा माल हाय."

*

ते कपाशीचे वाईट दिवस होते. गावात सारख्या गाड्या, कॅमेरे यायचे. एका टीव्हीवाल्यानं सरकीला नाव विचारलं आणि तो एकदम गंभीर झाला. "शेतीच्या दुःखातून हे नाव ठेवलं का?"

बुढी मागून ओरडली, "दुःख कायचं? सूप काठोकाठ भरून देल्लं होतं म्या!"

ते काही टीव्हीवर दाखवलं नाही.

*

मग सरकीचं लग्न ठरलं. रीत अशी की लग्न लागायच्या आधी आईनं लेक परत विकत घ्यायची, त्याच वस्तूच्या बदल्यात. नाहीतर कन्यादान आईबापाच्या हातून होत नाही. आता सूपभर सरकी आणायची कुठून? सगळं गाव दुकानातलं बियाणं पेरायचं, घरची सरकी राखणं केव्हाच बंद झालं होतं.

बापानं पांढरकवड्याहून बियाण्याचं पाकीट आणलं. बुढीनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"याची सरकी दुसऱ्या साली पेरता येत नाही. अशा बियात माही पोरगी देत नाही."

मग रुई काढायच्या जिनिंगमधून सरकी आणली. "ही कोन्या वावरातली? मले नको."

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, प्रश्न सरकीचा नव्हताच. बुढी एकटी होती आणि तिला पोरगी सोडायचीच नव्हती. मला तिचा राग आला, आणि वाईटही फार वाटलं. शांताबाई मांडवात रडत बसली. पुसदहून वऱ्हाड येऊन थांबलं.

शेवटी नवरदेवच बुढीच्या दारात गेला. टेम्पो चालवणारा साधा पोरगा.

"आजी, काय देऊ म्हंजे पोरगी द्यान?"

बुढी म्हणाली, "इकत देत नाही. उसनी ने. पोळ्याले वापस पाह्यजे."

"आणतो," तो म्हणाला.

लगेच बुढीनं शांताबाईला हाक मारली. "रडतं काहून? जाय, कन्यादान कर. आजच्या दिवस तुलेबी उसनी देल्ली."

*

पोळ्याच्या सकाळी बुढी माझ्याच ओट्यावर येऊन बसली. मांडीवर रिकामं सूप. दुपारी टेम्पो थांबला. जावई उतरला, मागून सरकी.

"आजी, आणली."

बुढीनं सरकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दंडाला चिमटा घेऊन पाहिला आणि जावयाकडे वळली.

"नेली तवा भरेल होती. वजन कमी करून आनलं तुनं. आता दिवाळीपर्यंत नेऊ देत नाही!"